आयजेम टीमसाठी: सिंथेटिक बायोलॉजी शाळेत, कॉलेजात आणि चारचौघांत कशी न्यायची

आयजेमची टीम बनली की पहिल्या मीटिंगला सगळे प्रोजेक्टवर भांडतात, प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) कुठलं, प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे त्याचे छोटे तुकडे) कुठून मागवायचे, रजिस्ट्रेशनच्या फीचे लाख कोण देणार, आणि चहा संपता संपता कुणाला तरी आठवतं की अरे ते एज्युकेशनचं पण करायचंय ना, मग जो सगळ्यात गप्प बसलेला असतो त्याच्या गळ्यात ते पडतं आणि तो बिचारा सप्टेंबरात घाईघाईत एका शाळेत जाऊन चाळीस स्लाइडचं पीपीटी दाखवून, ग्रुप फोटो काढून परत येतो. असले फोटो मी ढिगाने पाहिलेत, त्यात मुलं कंटाळलेली स्पष्ट दिसतात. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं, काय चालतं नि काय नाही.

ज्यांना आयजेम माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन. ही विद्यार्थ्यांची सिंथेटिक बायोलॉजीची जागतिक स्पर्धा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जानेवारीच्या सुट्टीतला एक कोर्स म्हणून हे सुरू झालं, २००४ ला पाच टीम्सची स्पर्धा झाली, आता जगभरातून शेकड्यांनी टीम्स उतरतात आणि २०२२ पासून फायनल पॅरिसला होते. आपल्याकडून पुण्याच्या आयसरच्या, मुंबईच्या आयसीटीच्या टीम्स यात उतरल्यात. विद्यार्थी जिवाणू नाहीतर यीस्टमध्ये जनुकं घालून काहीतरी उपयोगाचं बनवतात. नुसतं लॅबमधलं काम पुरत नाही, लोकांशी बोललात का आणि त्यातून प्रोजेक्टमध्ये काय बदललं हे पण विचारतात. एज्युकेशनचं तर वेगळं बक्षीस आहे, आणि त्यात संवाद दोन्ही बाजूंनी झाला का ते बघतात.

तर पहिलं म्हणजे माणसं. दोन जण फक्त याच कामाला द्या, पण त्यातला एक तरी रोज लॅबमध्ये हात घालणारा पाहिजे, नाहीतर एखाद्या आजोबांनी विचारलं की "हे जनुक आत जातं कसं" तर उत्तर द्यायला कोणी नसतं. आणि एक तिसरा माणूस फक्त वही-पेन घेऊन. त्याने काहीच समजवायचं नाही, लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ही वही पुढे सगळ्यात जास्त उपयोगाला येते, खाली सांगतो.

वेळापत्रक जूनमध्येच बसवा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात (विदर्भात जरा उशिरा), पहिले पंधरा दिवस गडबडीचे, मग जुलै-ऑगस्ट मोकळे, पुढे गणपती, मग सहामाही, मग दिवाळी आणि तोवर तुमची पॅरिसची घाई. म्हणजे खरे हातात दीड-दोन महिने असतात. दहावीच्या वर्गाच्या मागे लागू नका, तो वर्ग मुख्याध्यापक देत नाहीत, सातवी-आठवी-नववी मागा, आनंदाने देतात. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा आणि पत्रात तारीख, किती वेळ, काय सामान आणणार, कोणता द्रव पदार्थ वापरणार हे सगळं लिहा. पिरियड ३५ मिनिटांचा असतो, जोडून दोन मागून घ्या. फोटो काढायचे असतील तर मुलांच्या पालकांची लेखी परवानगी शाळेमार्फत आधी घ्या, ऐनवेळी "सर एक ग्रुप फोटो" करू नका.

आता मुख्य नियम, जो बऱ्याच उत्साही टीम्सना माहीत नसतो. तुम्ही बदललेला जिवाणू लॅबच्या बाहेर न्यायचा नाही. प्लेट सीलबंद असली तरी नाही, "फक्त दाखवायला" पण नाही. आयजेमची स्वतःची पॉलिसी तशी आहेच, शिवाय भारतात पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे जनुक बदललेल्या जीवांबद्दलचे १९८९ चे नियम आहेत आणि तुमच्या संस्थेची बायोसेफ्टी कमिटी त्यासाठीच बसलेली आहे. मग दाखवायचं काय? तर घरातल्याच वस्तू, आणि खरं सांगतो त्या जास्त चालतात.

बीट आणि ओली माती

माझं सगळ्यात आवडतं ओपनिंग. दोन बरण्या घ्या, बाहेरून कागद गुंडाळा. एकीत कोरडी माती टाकून वरून पाणी शिंपडा, दुसरीत बिटाच्या ताज्या चकत्या. मुलांना डोळे मिटून वास घ्यायला लावा आणि काही बोलू नका. पहिल्या बरणीला सगळे ओरडतात, पाऊस! दुसरीला जरा विचार करतात, मग कोणीतरी म्हणतं, ह्यात पण माती आहे. मग कागद काढायचा. दोन्हीकडे जिओस्मिन नावाचं एकच रसायन आहे. मातीत ते स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू बनवतात, आणि आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं.

आणि इथेच गोष्ट सांगायची. २००९ मध्ये बंगळुरूच्या सृष्टी या आर्ट-डिझाइनच्या कॉलेजच्या मुलांची टीम आयजेमला गेली होती, बायोलॉजीची नव्हे, चित्रकला-डिझाइनची पोरं, आणि त्यांनी इ. कोलायमध्ये (लॅबमध्ये नेहमी वापरतात तो जिवाणू) जिओस्मिन बनवणारं जनुक घालून पहिल्या पावसाचा वास काढणारा जिवाणू बनवायचं काम केलं. स्ट्रेप्टोमायसीसचं एक एन्झाइम घेतलं की बास, त्याला लागणारा कच्चा माल इ. कोलाय स्वतःच बनवत असतो. एवढं सांगितलं की सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही, एका जिवातलं काम करणारं जनुक काढलं, दुसऱ्यात बसवलं, तो ते काम करायला लागला. व्याख्येची स्लाइड काढून टाका. वेळ असेल तर एमआयटीच्या २००६ च्या टीमचं पण सांगा, त्यांचा जिवाणू वाढत असताना विंटरग्रीनचा म्हणजे साधारण आयोडेक्ससारखा वास द्यायचा आणि वाढ थांबली की केळ्याचा, म्हणजे वासावरून कळायचं की कल्चर, म्हणजे वाढायला ठेवलेले जिवाणू, कुठवर आलंय.

स्ट्रॉबेरीतला डीएनए

हे सगळेच करतात पण निम्म्या ठिकाणी फसतं, म्हणून नीट लिहितो. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त मिळते तेव्हा तीच घ्या, तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात (आपल्या पेशीत दोन), त्यामुळे डीएनए भरपूर निघतो. जुलैत शाळेत करणार असाल तर पिकलेलं केळं, त्यात तीन संच, थोडा कमी निघेल पण निघतो.

जाड झिप पिशवीत दोन-तीन स्ट्रॉबेरी हाताने चेचा. अर्धा कप पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड आणि एक चमचा मीठ हलक्या हाताने मिसळा, फेस नको, आणि ते पिशवीत ओतून पुन्हा दोन मिनिटं दाबा. पातळ सुती कापडातून गाळा, पिळू नका, पिळलं की गाळ खाली येतो आणि सगळं गढूळ होतं. मग बर्फात ठेवून गारेगार केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जेवढा रस तेवढंच, ग्लासच्या कडेने हळूहळू सोडा म्हणजे वर वेगळा थर राहील. दोन-तीन मिनिटांत मधोमध पांढरे चिकट धागे वर येतात, ते काडीवर गुंडाळा. फसायची कारणं ठरलेली: अल्कोहोल गार नव्हतं, किंवा ७० टक्केवालं आणलं (९० च्या वरचं पाहिजे), किंवा कोणीतरी सॅनिटायझरची जेल आणली. आणि ते पेटतं, त्यामुळे ओतायचं काम फक्त तुम्ही करा, शाळेच्या लॅबमध्ये बर्नर बंद, खिडक्या उघड्या.

मुलांना कारण पण सांगा, साबणाने पेशीचं आवरण फुटतं कारण ते चरबीचं असतं, मिठामुळे डीएनएचे धागे एकमेकांना ढकलायचं थांबवतात आणि अल्कोहोलात डीएनए विरघळत नाही म्हणून गोळा होऊन बाहेर येतो. आणि एक प्रामाणिकपणे सांगायचं, काडीवर आलंय ते शुद्ध डीएनए नाही, त्यात प्रथिनं आहेत, पेक्टिन आहे. हे लपवलं की नववीतली एखादी हुशार मुलगी नक्की पकडते.

हळद

हा आयटम पाचपन्नास रुपयांत होतो. चमचाभर हळद त्याच अल्कोहोलात ढवळा, गाळून घ्या, खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारा, पिवळट हिरवा झगझगीत उजेड दिसतो. यावरून चमकणाऱ्या प्रथिनावर यायचं, जेलीफिशमधलं जीएफपी, ज्याला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि जनुक चालू आहे का बंद हे बघायला ते दिव्यासारखं वापरतात. पण हळदीत जीएफपी नाही हेही त्याच दमात सांगा, तिथे चमकतं ते कुरकुमीन. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही, आणि ती मुलांच्या हातात द्यायची नाही, दिलीत की पुढची दहा मिनिटं गेली.

हळदीचा दुसरा उपयोग नाटकात. २००६ ला एडिनबराच्या टीमने विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू बनवला होता, बांगलादेशात लाखो लोक असलं पाणी पितात त्यांच्यासाठी. आर्सेनिक असलं की जिवाणू आम्ल बनवतो आणि पाण्यातल्या रंगावरून ते कळतं. हे पाच मुलांना उभं करून करून दाखवा. एक मुलगा प्रमोटर (जनुक चालू करणारी डीएनएतली कळ), दुसरा पहारेकरी (ती कळ दाबून ठेवणारं प्रथिन), तो प्रमोटरचा हात घट्ट धरून उभा, तिसरी मुलगी आम्ल बनवणारं जनुक, चौथा शेवटी थांबा म्हणणारा टर्मिनेटर. पाचवा आर्सेनिक, तो बाहेरून येतो आणि पहारेकऱ्याला ओढून घेऊन जातो. प्रमोटर सुटला की जनुकवाल्या मुलीने पळत जाऊन टेबलावरच्या कागदावर लिंबू पिळायचं. कागद आधी हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला आणि वर साबणाचं पाणी लावून लाल केलेला, लिंबू पडलं की परत पिवळा. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो हे प्रत्येकाने घरी बघितलेलं असतं, त्यामुळे कागदाचं वेगळं काही समजवायला लागत नाही. मग विचारा, पहारेकरी आजारी पडून आलाच नाही तर काय होईल? टर्मिनेटर झोपला तर? या प्रश्नांवर मुलं जे बोलतात ते ऐकून तुमच्या लॅबमधल्या सीनियरला पण लाज वाटेल.

तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टचं काय? त्याला शेवटची पाच मिनिटं द्या, जास्त नाही. मला माहितीये तुम्ही वर्षभर त्यावर मरताय, पण समोरच्याला आज पहिल्यांदा जनुक भेटलंय.

कॉलेजातले मित्र

यांच्यासाठी वरचं काही चालत नाही, बीटबीट म्हटलं की हसतात. मेकॅनिकलवाल्याला, कॉमर्सवाल्याला भांडायला विषय द्या. आम्ही मॉक जनसुनावणी करायचो, विषय बीटी वांगं. वांग्याच्या किडीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं हे वांगं जालन्याच्या महिकोने बनवलं होतं, मंजुरी समितीने हिरवा कंदील दिला, मग तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात नागपूर पण होतं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी बीटी वांगं लावतायत. आता एकाला शेतकरी करा, एकीला बियाणे कंपनी, एकाला डॉक्टर, एकाला सेंद्रिय शेतीवाला, एकीला मंत्री, आणि चिठ्ठ्या टाकून रोल द्या म्हणजे आपलं मत असेल त्याच्या उलट बाजूने पण बोलायला लागतं. टीमवाल्यांनी कुणाचीच बाजू घ्यायची नाही, फक्त माहितीच्या चिठ्ठ्या पुरवायच्या. यातून पुढच्या वर्षीचे मेंबर मिळतात, कारण की कम्प्युटरच्या पोरांना तिथेच कळतं की मॉडेलिंगला (जिवाणू कसा वागेल ते कम्प्युटरवर गणिताने बघायला) त्यांची गरज आहे. बाकी दुसऱ्या टीम्सशी ओळखी ठेवा, भारतातल्या टीम्सची ऑल इंडिया मीट भरते तिथे जा, सामान-पोस्टर एकमेकांना द्या.

मोठी माणसं

सोसायटीचा हॉल, ज्येष्ठ नागरिक संघ, गणपती मंडळाच्या मांडवात कोपऱ्यात एक टेबल, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जवळच्या संस्थेतली गर्दी (नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन असतं तिथे तर गावोगावच्या शाळा येतात). मोठ्या माणसांसमोर भाषण नाही, गप्पा. आणि प्रश्न जवळपास ठरलेले असतात, त्यांची तयारी करून जा.

"हे शाकाहारी आहे का?" हसू नका, हा खूप चांगला प्रश्न आहे. चीज बनवायला दूध फाडावं लागतं, त्याचं एन्झाइम पूर्वी वासराच्या पोटातून काढायचे, आता तेच कायमोसिन बदललेले सूक्ष्मजीव बनवतात, अमेरिकेत त्याला १९९० ला मान्यता मिळाली. तसंच इन्सुलिन, पूर्वी डुकराच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून यायचं, मग माणसाचं जनुक इ. कोलायमध्ये घालून बनवलेलं १९८२ ला बाजारात आलं. समोर बसलेल्यांत मधुमेहवाले असतातच, इथे सगळा हॉल एकदम सावरून बसतो.

"बाहेर सुटलं तर?" यावर शंभर टक्के सेफ आहे असं कधीच म्हणू नका. सांगा की लॅबमधली इ. कोलायची के-१२ जात १९२२ मध्ये एका पेशंटकडून घेतलेली, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या लॅबमध्ये आयतं खाऊन वाढलीय, माणसाच्या आतड्यात ती नीट टिकत नाही, तरीपण आम्ही प्रत्येक प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करूनच) टाकतो आणि तिला बाहेर न्यायची आम्हाला परवानगी नाही. म्हणूनच आज टेबलावर बीट आहे.

"देवाच्या कामात ढवळाढवळ कशाला?" वाद घालू नका. विचारा की काका तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते. बहुतेक वेळा मागे वेगळंच काहीतरी असतं, बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं त्याचा राग, नाहीतर एखाद्या कंपनीवरचा अविश्वास, आणि त्यावर बोलता येतं.

विदर्भ-मराठवाड्यात जाणार असाल तर कापूस येणारच. बीटी कापसाला २००२ ला परवानगी मिळाली, त्यावर आपल्यापेक्षा समोरच्या शेतकऱ्याचा अनुभव मोठा आहे हे लक्षात ठेवा. गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही हे ते तुम्हाला सांगतील आणि ते खरं आहे, मान हलवून मान्य करा आणि अळीने हे कसं जमवलं त्यावर बोला, उत्क्रांतीचं याहून जिवंत उदाहरण नाही. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये अकोटकडे शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं जाहीरपणे लावून आंदोलन केलं होतं, म्हणजे "शेतकरी विरोधात आहेत" किंवा "शेतकऱ्यांना हवंय" असं एका वाक्यात काही सांगता येत नाही.

पोस्टर, फॉर्म वगैरे

पोस्टर मराठीत करा, पण फ्लेक्सवाल्याला वर्डची फाइल देऊ नका, त्याच्याकडे जुना फॉन्ट असतो आणि "पेशी"ची वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं फुटलेली. अक्षरांचं चित्र करून पीडीएफ द्या आणि छापायच्या आधी प्रूफ स्वतः बघा. एका पोस्टरवर एकच चित्र, अक्षर एवढं मोठं की सहा फुटांवरून आजींना वाचता यावं.

सर्व्हे करायचा असेल तर आधी गाइडकडून संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते का ते विचारा, आयजेम पण हे बघतं. नाव-नंबर गोळा करू नका, लागत नाहीत. मी तर म्हणतो मोठा फॉर्म नकोच, सुरुवातीला एक चिठ्ठी, "जनुक बदललेली कोणती वस्तू तुमच्या घरात आहे?", आणि शेवटी तीच चिठ्ठी परत. आधी बहुतेक कोऱ्या येतात, नंतर इन्सुलिन, चीज, कापसाचा शर्ट असं लिहून येतं. फरक त्यातच दिसतो.

आणि ती प्रश्नांची वही. दर कार्यक्रमानंतर आठवड्याच्या लॅब मीटिंगमध्ये ती मोठ्याने वाचा, प्रोजेक्टवाल्यांसमोर. समजा तुम्ही पाणी तपासायचं किट बनवताय आणि तीन ठिकाणी बायकांनी विचारलं की "हे वापरून झाल्यावर टाकायचं कुठे", तर तुमच्या डिझाइनमध्ये ती गोष्ट नाहीये, ती घाला, आणि विकीवर, म्हणजे टीमच्या वेबसाइटवर, लिहा की हा बदल कुणाच्या प्रश्नामुळे झाला. जजेस नेमकं हेच विचारतात. किती शाळा नि किती मुलं हा आकडा सगळ्यांकडे असतो.

सगळं सामान, कृती, मराठी पोस्टरच्या फाइल्स विकीवर मोकळ्या ठेवा म्हणजे पुढच्या वर्षीच्या टीमला शून्यापासून सुरू करायला नको. आणि पॅरिसहून आल्यावर, डिसेंबरात, त्याच शाळेत एकदा परत जा. प्रोजेक्ट चालला की नाही ते मुलांना सांगा, नसेल चालला तर का नाही ते पण. तोवर स्ट्रॉबेरी पण आलेली असते.